मराठवाड्यातील प्राथमिक शाळा आणि बोलण्याचा प्रश्न

श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन ही भाषेची चार कौशल्ये अध्यापनशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात याच क्रमाने येतात. शाळेत मात्र वाचन-लेखनाची परीक्षा होते आणि बोलणे शिस्तीच्या सदरात जाते. हा भेद केवळ अध्यापनपद्धतीतून आला, असे आम्हांस वाटत नाही. त्यामागे इतिहास आहे आणि मराठवाड्यात तो विशेष स्पष्ट दिसतो.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात 1880च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. 1918 साली उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजेची मातृभाषा तेलुगू, मराठी वा कन्नड होती. प्राथमिक वर्गांत मातृभाषेला काही वाव असला, तरी पुढची वाट उर्दूतून जात असे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाने चार इयत्तांत जी अक्षरे गिरवली, त्यांचा कचेरीत उपयोग नव्हता. अशा स्थितीत औरंगाबादेत 1915 साली सरस्वती भुवन आणि हिप्परग्यात 1921 साली राष्ट्रीय शाळा सुरू झाली. या शाळांनी मराठी शिकवली, तशीच ती चारचौघांत बोलण्याचे धैर्यही दिले.

हे धैर्य राज्यकर्त्यांना किती खुपत असे, ते 1938च्या वंदे मातरम् चळवळीत दिसले. औरंगाबाद आणि हैदराबाद येथील वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी गीत म्हणण्याचा आग्रह धरला आणि त्यांना शिक्षणसंस्था सोडाव्या लागल्या. अनेकांनी पुढे नागपूर विद्यापीठात शिक्षण पूर्ण केले. त्यांचा अपराध लेखी नव्हता, तो उच्चाराचा होता.

17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान मुक्त झाले, 1956 साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्रात. मराठी राजभाषा झाली, म्हणजे प्रश्न सुटला असे वाटणे स्वाभाविक होते. पण 1967 साली स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तके वर्गात आली, ती प्रमाण मराठीतली. ‘जाऊलालो’ म्हणणारे मूल आता परभाषिक नव्हते, तरी चुकीचे ठरले. पूर्वी त्याची भाषा नाकारली गेली होती, आता तिचे रूप. प्रमाणभाषा शिकवू नये असे आमचे म्हणणे नाही. ती मुलाचा हक्कच आहे. मात्र पहिल्याच वाक्याला दुरुस्ती मिळाली, की मूल दुसरे वाक्य बोलत नाही, आणि जे बोलत नाही ते स्वतःचे लिहीतही नाही. फळ्यावरचे उतरवून घेते.

2021 साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात मौखिक भाषाविकासाला स्थान आहे. तरीही तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द वाचावेत, हे मोजता येते म्हणून तेच लक्षात राहते. आज छत्रपती संभाजीनगरच्या वर्गांत मराठवाडी, दखनी आणि बंजारा बोलणारी मुले शेजारी बसतात. त्यांनी पाहिलेला बाजार किंवा पाऊस प्रथम आपल्या बोलीत सांगावा, शिक्षकाने तो ऐकून फळ्यावर लिहावा आणि मुलांनी तोच वाचावा. प्रमाण रूपाची ओळख त्यानंतर व्हावी. ही पद्धत खर्चिक नाही. तिला फक्त ऐकणारा शिक्षक लागतो. म्हणूनच भाषा शिकविणाऱ्यांच्या प्रशिक्षणात हा इतिहास शिकविला जावा, असे आम्ही सुचवितो.