बसलेला आवाज, उभी राहिलेली गायकी

आमलेटा नावाच्या एका लहानशा संस्थानातल्या ठाकुरांना गाण्याचं विलक्षण वेड होतं. त्यांच्याकडे मुक्कामाला असलेल्या तरुण अल्लादिया खाँसाहेबांना ते दिवसामागून दिवस, तासन्‌तास गायला बसवत. रसिकाचा आग्रह मोडायचा नाही हा त्या काळचा शिरस्ता, आणि गाणाऱ्याचं वयही थकवा न जुमानणारं. एक दिवस गळ्याने साथ सोडली. बराच काळ गाणं बंद पडलं. आवाज पुढे परतला, पण पूर्वीचा मुलायम, गोल आवाज पुन्हा मिळाला नाही.

१८५५ साली उनियाऱ्याला जन्मलेल्या खाँसाहेबांचं घराणं धृपदियांचं. काका जहांगीर खाँ यांच्याकडे त्यांनी वर्षानुवर्षं तालीम घेतली होती. बंदिशींचा साठा शाबूत होता, राग डोक्यात पक्के होते, पण ते ज्या गळ्यातून बाहेर यायचे तो गळाच बदलला होता. जुनं गाणं नव्या आवाजात ओढूनताणून गाण्याऐवजी त्यांनी गाण्याचीच घडण बदलली. गोडव्यावर भिस्त न ठेवता लयीवर ठेवली. मात्रांच्या सांध्यांत बोल बसवले, तानांना पेच दिले, एकाच दमात लांबलचक वाक्य पुरं करून समेवर यायचं शास्त्र रचलं, अनवट आणि जोड राग पुढे आणले. आज ज्याला जयपूर-अत्रौली घराणं म्हणतात, ते या बसलेल्या आवाजातून उभं राहिलं. खाँसाहेबांनी उतारवयात आपल्या आठवणी सांगितल्या आणि नातू अझीझुद्दीन खाँ यांनी त्या लिहून घेतल्या, म्हणून त्यांच्या आयुष्याचा हा पट आपल्या हाती आहे.

खरा कलावंत कोणाला म्हणायचं, याचं उत्तर महाराष्ट्रातल्या ख्यालगायकीच्या इतिहासात शोधायचं तर सुरुवात तालमीपासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकात गाणं शिकायचं म्हणजे घर सोडायचं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी (१८४९–१९२६) तेच केलं. उत्तरेत वणवण करून, गुरुघरची कामं उपसून, त्यांनी हद्दू-हस्सू खाँच्या परंपरेतल्या वासुदेवबुवा जोशींकडून ग्वाल्हेरची गायकी मिळवली आणि ती दक्षिणेत आणली. शिष्याच्या मनगटावर गंडा बांधला की गुरू आणि शिष्य दोघेही बांधले जात. विद्या कधी, किती आणि कोणत्या क्रमाने द्यायची हे गुरूच्या हाती असे. शिष्याने विचारायचं नसे. या पद्धतीत अन्याय पुष्कळ होता. उस्तादाच्या लहरीपायी कित्येकांची उमेदीची वर्षं वाया गेली, हे विसरून तिचं गुणगान करणं बरोबर नाही.

हा अन्याय बाळकृष्णबुवांच्याच एका शिष्याला सलत होता. शोभेच्या दारूच्या अपघातात डोळे अधू झालेले विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेला बुवांकडे शिकले, १८९६ साली बाहेर पडले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग, क्रमिक पुस्तकं, परीक्षा, पदव्या. गाणं घराघरांत पोचलं, कुलीन स्त्रियांना शिकता आलं, गवयाला समाजात मान मिळाला. हे उपकार फार मोठे आहेत. पण विशारद होणं आणि गवई होणं यांतलं अंतर त्यामुळे मिटलं नाही. खुद्द पलुस्करांनाही ते ठाऊक होतं. तानसेनांपेक्षा कानसेन तयार करणं हे आपल्या विद्यालयाचं काम, असं ते मानत.

तालमीने माणूस कुठवर पोचतो हे पाहायचं तर केसरबाई केरकरांकडे पाहावं. गोव्यातल्या केरीत १८९२ साली जन्मलेल्या केसरबाईंनी अब्दुल करीम खाँ, रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले अशा थोरांकडे थोडंथोडं शिकून घेतलं होतं. मैफलीही होत होत्या. तरीही १९२१ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी अल्लादिया खाँचा गंडा बांधला आणि मूळ स्वरापासून पुन्हा सुरुवात केली. ही तालीम १९४६ साली खाँसाहेब गेले तोवर चालू राहिली. पाव शतक! गुरूच्या मूळ आवाजाचा जो ऐवज आमलेट्यात हरवला होता, तो जणू या शिष्येच्या गळ्यात होता: तिन्ही सप्तकांत सारखा भरणारा, आकारात कुठेही न चिरणारा आवाज. म्हणूनच त्यांचं गाणं गुरूच्या गाण्याची नक्कल झालं नाही. चिरलेल्या गळ्यासाठी रचलेली गायकी निकोप गळ्यातून आली, तेव्हा तिचं रूपच पालटलं. १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेलेल्या ध्वनिमुद्रिकेत त्यांची भैरवी आहे.

मोगूबाई कुर्डीकरांची वाट अधिक खडतर. गोव्यातल्या कुर्डीत १९०४ साली जन्म, बालपणी नाटकमंडळीत कामं. सांगलीत असताना त्यांचा रियाज कानावर पडला म्हणून खाँसाहेब आपणहून शिकवायला आले. मग ती तालीम तुटली. मोगूबाईंनी खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडे आणि आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे शिक्षण चालू ठेवलं आणि शेवटी १९३४ साली पुन्हा अल्लादिया खाँचा गंडा बांधला. वैधव्य, मुलं, मुंबईतली चणचण, हे सगळं सोबत होतंच. पुढे मुलीला शिकवताना त्या अस्ताई-अंतरा दोनदाच म्हणत. तिसऱ्यांदा नाही. शिष्याने कान इतके जागे ठेवायचे की तिसऱ्यांदा विचारायची वेळच येऊ नये.

ती मुलगी म्हणजे किशोरी आमोणकर. गंमत नव्हे, योगायोगही म्हणवत नाही, पण या परंपरेत दुसऱ्यांदा तेच घडलं: ऐन पंचविशीत किशोरीताईंचा आवाज गेला. आयुर्वेदिक उपचारांनी तो परत यायला काळ लागला. गळा गप्प असताना त्या मनातल्या मनात गात राहिल्या. परतल्या तेव्हा लयीच्या काटेकोर हिशेबापेक्षा स्वराचा भाव त्यांना जवळचा वाटू लागला होता. जयपूरच्या चौकटीत मींड, ठहराव, संथ आलापी आली. जुन्या जाणकारांनी नाकं मुरडली. पण ज्यांना ते घराणं मोडणं वाटलं, त्यांनी अल्लादिया खाँनी काय केलं होतं ते आठवलं असतं, तर त्यांना आश्चर्य वाटलं नसतं.

कुमार गंधर्वांचं उदाहरण याहून टोकाचं. १९२४ साली बेळगावजवळ सुळेभावीत जन्मलेला हा मुलगा बड्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवी आणि सभा थक्क होत. प्रोफेसर बी. आर. देवधरांनी मुंबईत त्याला नकलेतून बाहेर काढलं. मग क्षय झाला. देवासला अंथरुणाला खिळून काढलेल्या वर्षांत गायला बंदी होती. खिडकीबाहेरून माळव्याची लोकगीतं कानावर येत. एक फुप्फुस निकामी झालं. लांब दमसास संपला, तेव्हा त्यांनी छोट्या, अचानक उसळणाऱ्या वाक्यांची गायकी घडवली, लोकधुनांमधून नवे राग बांधले आणि १९६५ साली आपल्या रचना ‘अनूपरागविलास’मध्ये छापल्या.

आजाराने कोणी मोठा होत नाही. आवाज गेलेले आणि काळाच्या ओघात नावानिशी पुसले गेलेले गवई शेकड्यांनी असतील. या तिघांचं मोठेपण आजाराआधीच्या तालमीत होतं. ती इतकी मुरली होती की साधन गेल्यावरही शिल्लक उरली. आणि केसरबाईंसारख्यांना हे दाखवायला आजाराची गरजही पडली नाही. नुसती तालीम घोटलेले अनेक होऊन गेले, नुसती प्रतिभा असलेलेही. मिळालेलं गाणं आपल्या गळ्याच्या, आपल्या आयुष्याच्या मापाने पुन्हा शिवून घेण्याची हिंमत मात्र फार थोड्यांकडे होती. इतिहासाने मोठं म्हटलंय ते त्यांनाच.

यावर विश्वास ठेवण्यापेक्षा वाचकांनी स्वतः ऐकून पाहावं. केसरबाईंची ललितागौरीची जेमतेम तीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका आधी लावा, मग मोगूबाईंचं मिळेल ते गाणं आणि त्यानंतर किशोरीताईंचा १९७१चा भूप. अल्लादिया खाँची एकच विद्या तीन गळ्यांत कशी तीन वेगळी गाणी झाली, ते अर्ध्या तासात कळेल.