घरामागे व्हीलचेअरसाठी खेळाची जागा : टर्फ टाकण्याआधी काय पाहावे?

मणक्याला मार लागलेल्या, पोलिओ झालेल्या किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या रुग्णाला आम्ही डॉक्टर ‘व्यायाम करा’ असे सहज सांगून मोकळे होतो. तो करायचा कुठे, हे घरच्यांनाच ठरवावे लागते. नांदेड, लातूरकडच्या बऱ्याच घरांमागे मोकळी जागा असते. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर वसलेल्या गावांतही ती आहे. अलीकडे शहरात टर्फची मैदाने पाहून ‘आपणही घरामागे हिरवळ टाकू का?’ असे नातेवाईक विचारतात. टाकता येते, पण मैदानावरचे टर्फ व्हीलचेअरला चालत नाही.

फुटबॉल-क्रिकेटच्या टर्फचे पाते उंच असते आणि त्यात रबराचा काळा चुरा भरलेला असतो. त्यावर खुर्चीची पुढची लहान चाके रुततात आणि प्रत्येक ढकलीला खांद्यावर जास्त ताण येतो. वर्षानुवर्षे खुर्ची हाताने चालवणाऱ्यांमध्ये खांदेदुखी फार आढळते. पाय काम करत नसताना खांदाही गेला, तर पलंगावरून खुर्चीत बसणेसुद्धा दुसऱ्याच्या हाती जाते. म्हणून १० ते १५ मिलिमीटरचे, दाट, बारीक वाळू भरलेले टर्फ घ्या आणि ते खालच्या कोब्याला पूर्ण चिकटवून घ्या. जोड वर आलेले नकोत. विकत घेण्याआधी दुकानातला तुकडा जमिनीवर पसरून रुग्णाला त्यावर स्वतः खुर्ची चालवू द्या. पैसे मोजके असतील तर माझे मत स्पष्ट आहे : टर्फ सोडा, चांगला कोबा करा आणि उरलेले पैसे रॅम्प व सावलीवर घाला.

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट कोबा केला तर वर्षा-दोन वर्षांत तडे जातात आणि त्या तड्यात चाक अडकते. माती किती खोल काढायची हे इंजिनिअरला विचारा. तिच्या जागी मुरूम भरून, पाणी मारून, दाबून घेतल्यावरच काँक्रीट. पाणी वाहून जाण्यासाठी उतार शंभराला एक एवढा पुरे. जास्त दिला तर खुर्ची सतत एका बाजूला ओढली जाते आणि एकाच हाताला काम पडते.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ते मागच्या दाराकडे. दाराची मोकळी रुंदी तीन फूट हवी. रॅम्पचा उतार बारास एक, म्हणजे जोते दीड फूट उंच असेल तर रॅम्प अठरा फूट लांब. ‘एवढा कशाला?’ म्हणून गवंडी तो सहा फुटांत बसवतो आणि मग रुग्णाला रोज दोघांनी उचलून खाली न्यावे लागते. अशी जागा महिन्याभरात कपडे वाळत घालायची होते. खुर्ची वळवायला सगळीकडे पाच बाय पाच फूट मोकळे ठेवा आणि कडेला दोन-तीन इंचांचा कठडा घ्या.

खेळायचे काय? जागा ४१ बाय २० फूट असेल तर बोचियाचे पूर्ण कोर्ट बसते. हा खेळ मुळात सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी रुजला आणि १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपले चेंडू टाकायचे, एवढेच. हाताने फेकता येत नसेल तर घसरगुंडीसारख्या पन्हळीवरून सोडता येतात, त्यामुळे आजी आणि नातूही एका डावात बसतात. चेंडू टर्फवर लवकर थांबतो, कोब्यावर लांब जातो. हात बळकट असतील तर बॅडमिंटन किंवा बास्केटबॉलची रिंग लावा. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात त्यांनी भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवले. तुमच्या रुग्णाला पदक नको असेल. घाम येईल एवढा वेळ घराबाहेर राहणे हवे असते.

घामाचाच मुद्दा मराठवाड्यात सर्वांत महत्त्वाचा. मणक्याच्या दुखापतीखाली अनेकांना घाम येत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. हवा ४० अंशांवर असताना उन्हातले टर्फ ६० अंशांच्याही वर तापते. संवेदना नसलेला पाय त्यावर टेकला तर भाजलेले कळतही नाही. म्हणून बूट-मोजे नेहमी. पाणी मारून टर्फ थोडाच वेळ थंड राहते, आणि ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तिथे हा उपाय सुचवायला मी धजत नाही. शेडनेट बांधा. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर खेळा, मानेवर ओला रुमाल ठेवा. लघवीच्या धास्तीने पाणी कमी पिऊ नका. खेळाआधी मूत्राशय रिकामे करून घ्या.

गादीविना खुर्चीत खेळू नये. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर उचलून किंवा पुढे वाकून बैठकीवरचा भार हलवा. रात्री आरशात माकडहाड व नितंबांची त्वचा पाहा. लाल डाग दाबून फिका होत नसेल किंवा जखम असेल, तर ती बरी होईपर्यंत खेळ बंद. कमरेला आणि पायांना पट्टा लावा, कारण बरीच वर्षे भार न पडलेली पायाची हाडे ठिसूळ होतात. खुर्चीतून पडल्यावर दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. पाय सुजला, गरम किंवा लाल झाला तर त्याच दिवशी एक्स-रे काढा.

दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर असेल, तर घरातल्या प्रत्येकाला हे माहीत हवे : अचानक डोके ठणकू लागले, चेहरा लाल झाला, वरच्या अंगाला घाम सुटला, तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. रुग्णाला आडवे करू नका. सरळ बसवा, पाय खाली सोडा, पट्टे व कपडे सैल करा, लघवीची नळी मुडपली आहे का किंवा मूत्राशय तुंबले आहे का ते पाहा. काही मिनिटांत उतार पडला नाही तर लगेच रुग्णालयात न्या आणि तिथल्या डॉक्टरांना दुखापत कोणत्या मणक्याची आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा.