देवराई आणि गांवकी

भीमाशंकराच्या डोंगरपट्ट्यांत अभयारण्य झालें तें १९८५ सालीं. परंतु तेथील महादेव कोळ्यांच्या देवराया त्याहून कितीतरी जुन्या आहेत. देवराईंतील वाळलेली काटकीदेखील घरीं न्यावयाची नाहीं, देवळाच्या कामाला लांकूड हवें झाल्यास आधीं देवाला कौल लावावयाचा, असा जुना दंडक. तो केवळ देवाच्या कोपाच्या भयानें टिकला, असें म्हणणें अपुरें होय. देव पाहतो, तसे शेजारी व सोयरेही पाहतात. आणि जत्रेच्या दिवशीं त्यांच्याच पंक्तीला बसावयाचें असतें. रानाचा खरा पहारेकरी म्हणजे ही गांवकीची लाज होय.

१८७८ च्या जंगल कायद्याखालीं सरकारनें विस्तीर्ण रानें राखीव केलीं आणि गांवाचे कित्येक पिढीजात हक्क केवळ सवलती ठरले. जें रान आपलें होतें तें सरकारचें झालें. मग तेथें फांदी तोडतांना शेजाऱ्याची लाज कोण बाळगणार? ही ढिलाई देवरायांसही भोंवली. १९७० नंतरच्या दशकांत वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनीं देवरायांचा अभ्यास केला, तेव्हां कित्येकींवर कुऱ्हाड पडत असल्याचें दिसून आलें.

२००६ च्या वनहक्क कायद्यानें सामूहिक रान राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला, हें योग्यच झालें. मात्र पोटासाठीं मुंबई-पुण्यास गेलेली मंडळी जत्रेपुरतीच गांवीं येऊं लागली, तर पंक्तीची ती लाज कोणापाशीं उरणार, याचा विचार वनखात्यानें व आपण सुशिक्षितांनींही करावयास हवा.