संगणकाच्या पेटीतील पहारेकरी



संगणकाला वीज पुरविणारी जी लोखंडी पेटी असते, जिला दुरुस्तीच्या दुकानात एसएमपीएस म्हणतात, तिचा इतिहास हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे काहींच्या मनात येईल. परंतु आपल्या झरी-जामणी तालुक्यात आज सातबारा, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविमा, यांतले काय संगणकावाचून होते? पेटी जळाली की ग्रामपंचायतीतले सेवाकेंद्र बंद पडते आणि मजुरी बुडवून पोडावरून आलेला माणूस रिकाम्या हाताने परततो. पेटी वाईट रीतीने जळाली तर त्याहून मोठा अनर्थ होतो. म्हणून ती कशी निवडावी हा प्रश्न यंत्रज्ञाइतकाच नागरिकाचाही आहे.

माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले. विजेचे शास्त्र मी शाळेत शिकलो नाही. जे कळले ते पुस्तकांतून आणि वायरमन मंडळींकडून. पण एक गोष्ट संघटनेनेच शिकविली. यंत्रातील जो भाग माल काढतो तो मालक आपण होऊन बसवितो. जो भाग माणसाला वाचवितो तो बसविण्यासाठी कायदा लागतो. आज मला सांगावयाचे आहे ते एवढेच, आणि ते इतिहासाच्या आधारे सांगावयाचे आहे.

मुंबईच्या गिरण्यांपासून आरंभ करू. उघडे पट्टे आणि उघडी दातेरी चाके यांत माणसे सापडत, बोटे जात, हात जात. चाकाला जाळी घातली तर सूत काही वाढत नाही, खर्च मात्र वाढतो. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्यांनी खटपट केली आणि १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा झाला. धोक्याच्या यंत्राला कुंपण घालण्याची गोष्ट त्यात प्रथम आली. पुढे १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या व साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सिद्ध केले. साप्ताहिक सुट्टीबरोबरच, कामावर जखमी झालेल्याला बरे होईपर्यंत पगार मिळावा, अशी मागणी त्यात होती. नुकसानभरपाईचा कायदा होण्यास १९२३ साल उजाडले. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाना कायद्यात यंत्राला कुंपण घालण्याचे एकविसावे कलम आले. कुंपणाची कल्पना एका दिवसाची. ती सर्वत्र लागू होण्यास दोन पिढ्या लागल्या.

विजेच्या बाबतीतही हाच क्रम दिसतो. विजेचे पहिले कुंपण म्हणजे फ्यूज. अमेरिकेत १८८० च्या दशकात एडिसनने शहरात दिवे लावले, तेव्हाच त्याच्या व्यवस्थेत वितळणाऱ्या तारेचा तुकडा होता. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तो तुकडा स्वतः वितळे आणि पुढची तार वाचे. मुंबईत १९०५ पासून बेस्ट कंपनीची वीज मिळू लागली. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रातून टाटांची वीज गिरण्यांना पोहोचली. जर्मनीत मानहाइम येथे ह्यूगो श्टॉट्स याच्या कारखान्यातून १९२४ च्या सुमारास आपोआप पडणारा छोटा खटका निघाला. आज घराघरांत ज्याला एमसीबी म्हणतात तो त्याचाच वंशज.

येथे एक भेद नीट ध्यानी घ्यावा. फ्यूज आणि खटका हे तारेचे रक्षक आहेत, माणसाचे नव्हेत. पाच-दहा अँपिअर प्रवाह झाल्यावाचून ते हलत नाहीत, आणि माणसाचा प्राण घेण्यास अँपिअरचा विसावा-पंचविसावा भागही पुरतो. माणसासाठी वेगळे कुंपण हवे, हे विशेष तीव्रतेने कळले ते खाणींत. १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन याने तेथील सोन्याच्या खाणींसाठी, जमिनीत गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारे यंत्र तयार केले. अमेरिकेत चार्ल्स डाल्झिएल या प्राध्यापकाने माणसाचे शरीर किती प्रवाह सोसते याचा अभ्यास केला आणि १९६१ साली आपले यंत्र पुढे आणले. आपल्याकडे आज मिळणारा तीस मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज खटका याच घराण्यातला. मुकुटबन, राजूर, वणी या कोळशाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला हे सांगावयास नको की, सुरक्षेचा धडा पुष्कळदा खाणीत प्रथम गिरविला जातो. आपल्या देशातील १९१० च्या वीज कायद्याखाली जे १९५६ चे नियम झाले, त्यांतही खाणींसाठी स्वतंत्र प्रकरण होते.

आता संगणकाकडे येऊ. आपल्या देशात रचलेला पहिला मोठा विद्युत् संगणक मुंबईचाच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तो १९६० साली चालू झाला, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात २७०० निर्वात नळ्या होत्या. अशा यंत्राची विजेची व्यवस्था सांभाळावयास जाणती माणसे जवळ असत. संगणक सामान्य माणसाच्या टेबलावर आला तेव्हा तो जाणता माणूस नाहीसा झाला. त्याचे काम पेटीलाच करावे लागले, आणि येथूनच आपल्या गोष्टीचा खरा आरंभ होतो.

१९७७ च्या ‘ॲपल टू’ या यंत्रात रॉड होल्ट याने हलकी, कमी तापणारी अशी पेटी बसविली. १९८१ च्या आयबीएमच्या संगणकातली पेटी अवघी ६३.५ वॅटची होती. १९९५ साली इंटेल कंपनीने ‘एटीएक्स’ नावाचा आराखडा प्रसिद्ध केला, आणि कोणाचीही पेटी कोणाच्याही संगणकात बसू लागली. यामुळे पेट्या स्वस्त झाल्या हे खरे. पण आत काय आहे हे न पाहता घेण्याची सवयही त्याबरोबर लागली.

पेटीचे काम थोडक्यात असे. भिंतीतून २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज येते. पेटी प्रथम ती एका दिशेची करते; तेव्हा आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साचतात. पिन काढली तरी हा साठा काही काळ राहतो, म्हणून जाणकाराखेरीज कोणी पेटी उघडू नये. मग ही वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून जोडून लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून नेतात आणि १२, ५ व ३.३ व्होल्ट अशी बाहेर काढतात. त्यात पाच टक्क्यांहून अधिक चढउतार होऊ नये असा दंडक आहे.

या वाटेवर पहारेकरी उभे असतात. पहिला जादा दाबाचा. आतला भाग बिघडून १२ व्होल्टची बाजू चढू लागली, तर १५.६ व्होल्टच्या पुढे जाऊ न देता त्याने पेटी बंद केली पाहिजे. दुसरा जादा प्रवाहाचा आणि तिसरा एकूण जादा भाराचा. हे दोघे ओझे पेलेनासे झाले की काम थांबवितात. चौथा शॉर्ट सर्किटचा. पाचवा उष्णतेचा, स्वस्त पेटीत हा बहुधा नसतो. सहावा पहारेकरी निरोप्या आहे. आतील दाब स्थिर झाल्यावरच तो संगणकाला ‘आता चालू हो’ असा संकेत देतो, आणि वीज जाऊ लागली की तो संकेत काढून घेतो. लाईट क्षणभर डोळा मिटते तेव्हा चांगली पेटी आपल्या साठ्यावर सुमारे सोळा मिलिसेकंद तग धरते. त्याहून अधिक काळ वीज गेली तर काम यूपीएसचे.

परंतु हे पहारेकरी बहुतांशी पेटीच्या बाहेर पडणाऱ्या विजेवर नजर ठेवतात. आत शिरणाऱ्या विजेचे काय? आपल्याकडचे बहुतेक अपघात तेथेच होतात. डीपीवरची न्यूट्रल तार सुटली की दोन फेजांमधले ४०० व्होल्ट घराघरांत वाटले जातात, आणि ज्या घरात वापर कमी तेथे दाब भलताच चढतो. साधारण चांगली पेटी २६४ व्होल्टपर्यंत चालण्यासाठी बनविलेली असते. चढलेल्या दाबाला आवर घालणारा व्हॅरिस्टर नावाचा लहान तुकडा आणि त्यामागचा फ्यूज हे दोघे जागेवर असतील, तर स्वतः जळून ते पुढचे वाचवितात. स्वस्त पेटीत व्हॅरिस्टरची जागा पुष्कळदा रिकामी सोडलेली आढळते. जवळ वीज कोसळली तर मात्र हा तुकडाही पुरा पडेल असे नाही; मेघ गडगडू लागले की पिन काढणे हेच शहाणपण. आणि फ्यूज उडाला म्हणून त्या जागी जाड तार घालणे, म्हणजे पहारेकरी मेला म्हणून दार उघडे टाकून झोपणे होय.

संगणकाच्या लोखंडी अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात, हा अनुभव पुष्कळांचा आहे. ‘थोडे करंट मारते’ म्हणून लोक हसून सोडून देतात. याचे कारण असे. विजेतली खरखर गाळण्यासाठी पेटीत दोन लहान कपॅसिटर लोखंडी अंगाला जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यांतून गळणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर ते अंग सुमारे अर्ध्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. निरोगी पेटीत हा प्रवाह इतका थोडा असतो की त्याने इजा होत नाही. पण त्या झिणझिण्या सांगत असतात की अर्थिंग नाही. उद्या आतली फेजची तार सुटून अंगाला लागली, तर त्या दिवशी वाचविणारे कोणी उरणार नाही. पिनेचा तिसरा, जाड पाय कापून दोन छिद्रांत बसविणारा माणूस संपूर्ण पेटीचा पहारा एका कात्रीत काढून टाकतो.

आपल्या उन्हाळ्याचाही विचार हवा. पेटीवर लिहिलेले वॅट कोणत्या तापमानाला मोजले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. २५ अंशांना मोजलेले वॅट आणि ४० अंशांना मोजलेले वॅट सारखे नसतात. कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांमागे ढोबळ मानाने निम्मे होते. विदर्भाच्या वैशाखात पत्र्याच्या खोलीत चालणाऱ्या पेटीला मोजक्याच वॅटांवर चालविणे अन्याय आहे. तिच्या अंगात थोडी शिल्लक असावी, आणि पंख्यातली धूळ काढलेली असावी.

मग निवड कशी करावी? कायदा येथे थोडा मदतीला आला आहे. २०१२ साली केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक वस्तूंची सक्तीची नोंदणी सुरू केली, आणि २०१७ साली स्वतंत्र एसएमपीएसचे नाव त्या यादीत घातले. भारतीय मानक ब्यूरोच्या चिन्हाखाली ‘आर’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. तो पाहावा आणि ब्यूरोच्या नोंदीत ताडून घ्यावा. दुसरे, मोठ्या आकड्याला भुलू नये. पेटीवर ४५० लिहिले असेल, पण १२ व्होल्टच्या बाजूला १५ अँपिअर असतील, तर बारा पंधरे एकशे ऐंशी. आजच्या संगणकाचे बहुतेक ओझे ज्या बाजूवर पडते, तिची ताकद १८० वॅटच आहे. तिसरे, पहारेकऱ्यांची नावे कागदावर लिहिलेली मागावीत. चौथे, ‘८० प्लस’ हा शिक्का २००४ पासून मिळतो, तो वीज किती वाया जात नाही एवढेच सांगतो. सुरक्षेची ग्वाही तो देत नाही.

एवढे करूनही एकट्या गिऱ्हाईकाला पेटीच्या आत डोकावता येत नाही. गिरणीतल्या एकट्या कामगारालाही चाकाला जाळी घालून घेता आली नव्हती. शाळा, ग्रामपंचायती, सेवाकेंद्रे येथे खरेदी होते ती सर्वांत कमी दराच्या निविदेवर, आणि दर उतरविताना विक्रेता प्रथम तेच काढतो जे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून निविदेत नोंदणी क्रमांक, १२ व्होल्टची ताकद, ४० अंशांचे मापन आणि पहाऱ्यांची यादी लिहून घ्यावी. खोलीचे अर्थिंग वायरमनकडून तपासून त्याची नोंद ठेवावी. मुख्य फळीवर तीस मिलिअँपिअरचा खटका मागावा. ग्रामसभेत हा प्रश्न विचारण्यास यंत्रज्ञ असावे लागत नाही. तुमच्या गावच्या शाळेत संगणकाची खोली असेल, तर येत्या ग्रामसभेत एवढेच विचारा : त्या खोलीत तिसऱ्या पायाला जमीन लागली आहे का? उत्तर लेखी घ्या.