वैमानिकाचा परवाना आणि बारावीचे विज्ञान

10 फेब्रुवारी 1929 रोजी जे. आर. डी. टाटा यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला, म्हणून त्याचा क्रमांक 1. विमान चालवायला ते जुहूला शिकले. केंब्रिजला अभियांत्रिकी शिकण्याचा त्यांचा बेत मात्र राहून गेला होता; विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती.

हा परवाना हौसेने उडण्याचा. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्याची परीक्षा अधिक कडक हवी, हे 1919 च्या पॅरिस करारातच ठरले होते. वाटेत दोनदा उतरून 8 तासांच्या आत मूळ जागी परतणारे निदान 300 किलोमीटरचे उड्डाण, रात्रीचे अर्ध्या तासाचे उड्डाण, शिवाय इंजिन, हवामान आणि दिशाशोधन यांचे ज्ञान. आज भारतात व्यावसायिक परवान्याला 200 तासांचे उड्डाण लागते. त्यात 300 सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे 555 किलोमीटरचा, एक प्रवास दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून करायचा असतो. विमाने ओळखू येणार नाहीत इतकी बदलली, पण या अटीचा सांगाडा तोच आहे!

मग विज्ञान कुठे लागते? त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी घ्या. त्याची उंची सुमारे 1300 मीटर, म्हणजे 4250 फुटांच्या आसपास. विमानातला उंचीमापक खरे तर हवेचा दाब मोजतो. दाब 1 हेक्टोपास्कलने उतरला की तो सुमारे 30 फूट जास्त उंची दाखवतो. समजा, दोन दिवसांपूर्वीच्या दाबावर जुळवलेला उंचीमापक तसाच राहिला आणि दरम्यान पावसाळी हवेने दाब 10 हेक्टोपास्कलने उतरला. आता काटा 4500 फूट दाखवत असताना विमान 4200 फुटांवर असते. म्हणजे माथ्याच्या खाली, आणि बाहेर ढग!

1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत या परवान्याला दहावी पुरत असे. पुढे बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असण्याची अट आली. कला-वाणिज्यच्या कित्येक मुलांनी हे विषय मुक्त विद्यालयातून नव्याने दिले. 2025 मध्ये ही अट काढण्याचा प्रस्ताव पुढे आला. मला तो योग्य वाटतो. वरचे गणित दहावीच्या मुलाला झेपते, आणि ते येते की नाही हे परवान्याची लेखी परीक्षा तपासतेच. तिथे उत्तीर्ण व्हायला 70 टक्के गुण लागतात. विद्यार्थी विचारायला आला, तर शाखेच्या आधी वैद्यकीय तपासणीचे सांगावे. दृष्टी, रंगज्ञान, कान हे सारे तिथे पाहतात, आणि ही तपासणी प्रशिक्षणाचे पैसे भरण्यापूर्वी झालेली बरी.