हॉटेलात कुत्रा: लाड की हक्क?

पुण्या-मुंबईत आता बऱ्याच कॅफेंच्या दारावर 'पेट फ्रेंडली' अशी पाटी दिसते. कुत्रा टेबलाखाली, आपण टेबलावर, मध्ये कॉफी. आज या पाटीमागचा अमेरिकेतला इतिहास बघू. अमेरिकाच का? कारण तिथे कुत्रा हॉटेलात कसा शिरला हे कायद्यांमध्ये वर्षासकट लिहिलेलं सापडतं. आणि मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे नियम आणि त्याचे अपवाद वाचायला मला जाम मजा येते.

गंमत अशी की कायद्याने आत आलेला पहिला कुत्रा लाडाचा नव्हता, कामाचा होता.

नॅशव्हिलचा मॉरिस फ्रँक हा अंध तरुण. १९२७ साली डोरोथी युस्टिस या बाईंचा एक लेख मासिकात आला. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत कुत्र्यांना वाट दाखवायचं शिक्षण देतात, असं त्यात होतं. हे कळल्यावर मॉरिसने बाईंना पत्र लिहिलं, १९२८ मध्ये स्वित्झर्लंडला त्यांच्याकडे गेला आणि बडी नावाची जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन परतला. न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांसमोर बडीने त्याला गाड्यांनी भरलेला रस्ता पार करून दाखवला. १९२९ मध्ये 'द सीइंग आय' ही प्रशिक्षण संस्था सुरू झाली.

पण रस्ता पार करणं सोपं निघालं, दार पार करणं अवघड. रेल्वेत कुत्रा नको, हॉटेलात नको. मग ही जोडी गावोगाव फिरली, लोकांना पटवत राहिली. १९३५ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या रेल्वे कंपन्यांनी वाटाड्या कुत्र्यांना डब्यात परवानगी दिली. १९५६ पर्यंत प्रत्येक राज्यात सार्वजनिक जागांसाठी तसा कायदा झाला. बडी मात्र १९३८ मध्येच गेली होती. पुढे १९९० च्या अपंग हक्क कायद्याने हे देशभर पक्कं केलं. सेवेसाठी शिकवलेल्या कुत्र्याला हॉटेलवाला अडवू शकत नाही. त्याने फक्त दोन प्रश्न विचारायचे: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? कागद मागायचा नाही.

आता घरच्या कुत्र्यांकडे येऊ. अमेरिकेच्या फेडरल अन्न खात्याची एक नमुना नियमावली आहे, 'फूड कोड'. त्यात मूळ उत्तर 'नाही'. खाद्यगृहात जिवंत प्राणी नको. मग अपवाद: काचेच्या टाकीतले मासे चालतील, पोलिसांसोबतचा कुत्रा चालेल, सेवेचा कुत्रा चालेल. वृद्धाश्रमाच्या जेवणघरातही पाळीव प्राणी चालेल, पण जेवणाची वेळ सोडून! आपल्या शेरूचं नाव यादीत कुठेच नव्हतं.

लोक मात्र शेरूला घेऊन बाहेरच्या टेबलांवर बसतच होते. म्हणून राज्यांनी वाट काढली. फ्लोरिडाने २००६ मध्ये शहरांना सांगितलं, तुम्ही परवानगी देऊ शकता, पण फक्त बाहेरच्या जागेत. अटी बघा: कुत्रा पट्ट्याला बांधलेला, खुर्चीवर बसणार नाही, वाढणारा त्याला हात लावणार नाही, टेबलावर सॅनिटायझर हवा. कॅलिफोर्नियात असा कायदा १ जानेवारी २०१५ पासून लागू झाला. तिथे कुत्रा आतून न्यायचा नाही, बाहेरूनच थेट अंगणात आणायचा. त्याला खायला द्यायचं तर वापरून फेकायच्या भांड्यात. न्यूयॉर्कनेही २०१५ मध्येच कायदा केला. शेवटी २०२२ च्या फूड कोडमध्ये बाहेरच्या टेबलांसाठी पाळीव कुत्र्याचा उल्लेख आला, तोही स्थानिक खात्याची मंजुरी असेल तरच.

दोन्ही वाटा शेजारी ठेवून बघा. बडीच्या वाटेने मिळाला तो हक्क: हॉटेलवाला नाही म्हणू शकत नाही. शेरूच्या वाटेने मिळाली ती परवानगी: हॉटेलवाल्याची मर्जी, हवं तर हो, नको तर नाही. दिसायला दोन्ही कुत्रे सारखेच टेबलाखाली बसलेले असतात. म्हणूनच घोळ होतो.

कागद मागायचा नाही, हा नियम अंध माणसाला दारोदारी पुरावे दाखवायला लागू नयेत म्हणून आहे. काही लोक त्याचाच फायदा घेतात. ऑनलाइन 'सर्व्हिस डॉग' लिहिलेलं जॅकेट घ्यायचं, शेरूला चढवायचं आणि थेट आतल्या एसीत बसायचं. कॅलिफोर्नियात हा गुन्हा आहे: एक हजार डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. काहींना हे कडक वाटेल, मला नाही वाटत. न शिकवलेला कुत्रा आत भुंकला, कुणावर धावून गेला, तर हॉटेलवाला पुढच्या प्रत्येक जॅकेटकडे संशयाने बघणार. आणि ती पुढची जोडी खरी असेल तर? दार पुन्हा अवघड होणार, १९२८ सारखं.

त्यामुळे 'पेट फ्रेंडली' पाटी दिसली की शेरूला खुशाल घेऊन जा, पट्टा लावा, पाण्याची वाटी घरून न्या. पाटी नसेल तर वाद घालू नका, दुसरीकडे जा. आपल्याला दुसरं कॅफे शोधता येतं. पण ज्याचे डोळेच कुत्र्याच्या रूपात सोबत आहेत, त्याला दारात थांबवलेलं दिसलं, तर तिथे मात्र दोन शब्द बोला.

आजच्यापुरतं एवढंच. भाग आवडला तर कुत्रा पाळणाऱ्या एका तरी मित्राला पाठवा. भेटू पुढच्या भागात!