कानबाईचे रोट

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, म्हणजे खानदेशात, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई या देवीची नारळाच्या रूपात स्थापना होते आणि तिच्या नैवेद्यासाठी ‘रोट’, म्हणजे नेमाने मोजून दळलेल्या धान्याचा पुरणपोळीसह स्वयंपाक, रांधला जातो. घरातील प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेण्याची रीत अनेक कुळांत आहे. कोणाच्या यशाने वा बरकतीने ती मूठ वाढत नाही, आणि या विधीतली नम्रता नेमकी येथेच दिसते. नवस फळला, घरात लग्न झाले, की तो आनंद स्वतःचे कर्तृत्व न मानता देवीचे देणे मानून भाऊबंद, परगावी नोकरीला गेलेलेही, एका चुलीशी जमतात. रात्री अहिराणी गाण्यांनी जागरण होते व सोमवारी मिरवणुकीने कानबाईचे नदीत विसर्जन करतात.